बी.फार्मसीला आत नक्की काय असतं? शिकलेल्यांनीच सांगा

डाळिंबाचा_मळा

नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली. यंदा बारावी झाली, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप. नीटचं काही खरं नाही. परत बसवायला घरचे तयार नाहीत आणि माझ्यातही दम राहिलेला नाही. सीईटी मात्र बरी गेलीय.

आता रोज संध्याकाळी घरात तीच चर्चा. काका म्हणतात डी.फार्म (डिप्लोमा) कर, दोन वर्षांत मोकळी होशील, गावात मेडिकल टाकून देतो. मामा म्हणतात बी.फार्म (चार वर्षांची डिग्री) करून कंपनीत लाग. आई म्हणते दोन्ही शेवटी दुकानदारीच, त्यापेक्षा नर्सिंग काय वाईट? पण कॉलेजात दिवसभर करायचं काय असतं, हे कुणालाच सांगता येत नाही. गोळ्यांची नावं पाठ करायची असतात का? माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. केमिस्ट्री म्हटलं की पोटात गोळा येतो.

प्लेसमेंटचे आकडे नकोत. ते दोन कॉलेजांची माणसं घरी येऊन, चहा पिऊन सांगून गेलीत. शिकताना तुम्हाला कसं वाटलं ते सांगा.

---

मेडिकलवाले_काका

पोरी, मी 1996 पासून दुकानात उभा आहे. डी.फार्मवाला. कॉलेजचं मला आता फारसं आठवत नाही, दुकानाचं सांगतो, म्हणजे तुझ्या काकांशी बोलायला बरं.

मेडिकल 'टाकून देणं' म्हणजे पानाची टपरी टाकणं नव्हे. फॉर्म 20 आणि 21 चं लायसन्स, किमान 10 चौरस मीटर जागा, फ्रीज, आणि मुख्य म्हणजे दुकान उघडं असेल तेवढा वेळ नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर. फार्मसी कायदा 1948 चा आहे, त्याच्या कलम 42 नुसार चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टनंच द्यायचं. शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय अजिबात द्यायची नाहीत अशा औषधांची यादी, आली 1 मार्च 2014 पासून. त्यातल्या औषधांचं वेगळं रजिस्टर, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. एक्स्पायरीचा माल परत करायची कटकट वेगळीच. आणि गिऱ्हाईक येऊन म्हणणार, "ती मागच्या वेळची पांढरी गोळी द्या." दुकानात पांढऱ्या गोळ्या किती असतील सांग बघू.

अजून एक. पास झालीस की कुणीतरी घरी येईल आणि म्हणेल, "तू यायची गरज नाही, नुसतं सर्टिफिकेट भिंतीला लाव, महिन्याला पैसे पोचते करतो." त्याला दारातूनच परत पाठव. उद्या चुकीचं औषध गेलं तर भिंतीवर नाव तुझं असतं.

---

औसेकरीण

काकांनी दुकानाचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी कॉलेजचं सांगते. लांब होईल, सवडीनं वाच.

मी औसा तालुक्यातली, लातूर जिल्हा. 2018 ला बी.फार्मला गेले, 2022 ला बाहेर पडले, आता पुण्यात एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. माझंही नीटचंच प्रकरण होतं. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "फार्मसी पाहिजे म्हणून कोण आलंय?" साठ जणांत चार हात वर गेले, त्यातल्या दोघांच्या घरची मेडिकल दुकानं. बाकी आम्ही छप्पन्न जण नीटच्या चाळणीतून खाली पडलेले. हॉस्टेलवर रात्री दिवे गेले की विषय एकच, कुणाचे किती मार्कांनी हुकले. पहिलं वर्ष मी असंच घालवलं, कॉलेजात शरीर आणि मन अजून नीटच्या यादीत. दोन मुली तर लपून नीटचा अभ्यास करत होत्या. एक खरंच बीएएमएसला गेली. दुसरीचे इकडंही विषय राहिले आणि तिकडंही नंबर लागला नाही. तुझ्या मनात तसलं काही असेल तर आताच ठरव, दोन डगरींवर पाय ठेवून हा कोर्स होत नाही.

का होत नाही ते सांगते. बारावीला 35 ला पास म्हणायची आपल्याला सवय. इथं प्रत्येक विषयात 50 लागतात, लेखी 75 आणि अंतर्गत 25 मिळून. हजेरी 80 टक्के. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी जर्नल. दुसऱ्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत मला 44 पडले आणि मी नापास. घरी फोन केला तर वडील म्हणाले, "चव्वेचाळीस म्हणजे पासच की गं!" त्यांना समजावता समजावता मलाच रडू फुटलं. पहिल्या आणि दुसऱ्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्याला बसू देत नाहीत. आमच्यातले तिघं तिथंच अडकले, वर्ष गेलं. मी पुढच्या वेळी 53 वर सुटले. केमिस्ट्री मला शेवटपर्यंत आवडली नाही, उगाच खोटं कशाला सांगू? पण न आवडताही पार पडते.

आणि गणित सुटलं असं समजू नकोस. पीसीबीवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रिमेडियल मॅथ्स, म्हणजे राहिलेलं गणित भरून काढायचा विषय असतो. अकरावीला गणित सोडलं म्हणून मी नारळ फोडला होता, ते इथं परत दारात उभं. (बायोलॉजीऐवजी गणित घेतलेल्या पीसीएमवाल्यांना रिमेडियल बायोलॉजी. त्यांच्या आकृत्या बघून आम्ही सूड उगवून घेतला.)

आता मराठी माध्यमाचं. शाळेत मला प्लीहा, यकृत, स्वादुपिंड सगळं तोंडपाठ होतं. वर्गात मॅडम 'स्प्लीन' म्हणाल्या की ही कुठली नवी वस्तू, असं वाटायचं. चांगले दोन महिने मी एक छोटी वही केली होती, डावीकडं मराठी शब्द आणि उजवीकडं इंग्रजी. पहिल्या सेमिस्टरच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी पॅन्क्रियाजबद्दल विचारलं. मला सगळं येत होतं पण वाक्य जुळेना. मी पोटावर हात ठेवून म्हटलं, "सर, स्वादुपिंड." ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "बरं, मराठीत सांग." मी इन्सुलिन, ग्लुकागॉन, पाचकरस, सगळं घडाघडा सांगून टाकलं. सगळे परीक्षक असे नसतात. त्याच दिवशी दुसऱ्या टेबलावरच्या सरांनी आमच्या एका मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून उभ्या उभ्या परत पाठवलं. ती वही मात्र कर, फार उपयोगी पडते.

माझं मन लागलं ते फार्मास्युटिक्सच्या, म्हणजे औषधं बनवायच्या लॅबमध्ये. गोळ्यांची नावं पाठ करायची का म्हणून विचारतेस ना, तर पहिल्या सेमिस्टरला गोळ्या नसतातच. सिरप, कॅलामाइन लोशन, घशाला लावायचा मँडल्स पेंट, ओआरएसची पावडर, सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायचं औषध), हे सगळं हातानं करायचं. पावडरच्या पुड्या बांधायच्या होत्या त्या दिवशी सगळ्या वर्गात माझ्या पुड्या एक नंबर. उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलत्यांच्या किराणा दुकानात बसायचे, त्याचं पुण्य!

पण इमल्शननं माझी जिरवली. लिक्विड पॅराफिन म्हणजे तेल, आणि ते पाण्यात मिसळून ठेवायचं. त्यासाठी बाभळीच्या जातीचा डिंक असतो, अकेशिया म्हणतात. तीन भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक. कोरड्या खलात तेल आणि डिंक एकत्र करायचं, मग पाणी एकदम ओतून बत्ता एकाच दिशेनं भराभर फिरवायचा. जमलं की खलातून चट् चट् असा आवाज येतो आणि सगळं पांढरंशुभ्र होतं. त्यानंतरच बाकीचं पाणी घालायचं. माझ्या खलातून आवाजच येईना. तेल वर, चिकट चोथा खाली. दुसऱ्यांदा केलं, तेच. मॅडम आल्या, त्यांनी खलात बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "धुऊन पुसला होतास?" मी धुतला होता, पुसला नव्हता. एवढ्याशा ओलाव्यानं डिंकाच्या आधीच गुठळ्या झालेल्या. तिसऱ्यांदा खल पुसून, हवेवर वाळवून केलं आणि तो आवाज आला. आमची आजी ताक घुसळताना लोणी यायच्या वेळी रवीचा आवाज बदलला की बोलणं थांबवून कान देते, अगदी तसंच. फरक एवढाच की आजी इमल्शन मोडते आणि मला ते जोडायचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी घरी फोन करून नीटचा न काढता कॉलेजचा विषय काढला.

जर्नल हा या कोर्सचा छळ आहे. प्रत्येक प्रॅक्टिकल हातानं लिहायचं, डाव्या पानावर पेन्सिलीनं आकृती, मग मॅडमच्या सहीसाठी स्टाफरूमबाहेर ताटकळायचं. सबमिशनच्या आठवड्यात सगळं हॉस्टेल जागं. मी एकदा सीनिअर ताईच्या जर्नलमधून उतरवता उतरवता तिची तारीखसुद्धा उतरवली. 2019 मध्ये माझं प्रॅक्टिकल 2016 साली झालेलं. मॅडमनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं.

चौथ्या सेमिस्टरला लॉकडाउन लागलं आणि मी गावी. फार्मॅकॉलॉजी (औषध शरीरात काय करतं त्याचा विषय) मोबाइलवर, तेही गच्चीवर गेलं तर. गावात तोवर बातमी पसरली होती की हिला औषधांतलं कळतं. लोक पट्ट्या घेऊन यायचे. मला फार काही येत नव्हतं आणि तसं सांगायलाही लाज वाटायची. पाचव्या सेमिस्टरला रक्तदाबाची औषधं शिकवायला घेतली, अॅम्लोडिपिनचे दुष्परिणाम आले आणि त्यात लिहिलेलं, घोट्यांना सूज. आमच्या आजीचे पाय तेव्हा दोनेक महिने सुजत होते. घरात सगळे म्हणत होते, वय झालं. मी तिची औषधांची पिशवी जमिनीवर ओतली. एक पट्टी लातूरच्या डॉक्टरांची, एक तालुक्याच्या. वरची नावं वेगळी, रंग वेगळा, कंपनी वेगळी. पाठीमागं बारीक अक्षरात बघितलं तर एकीत नुसतं अॅम्लोडिपिन, दुसरीत अॅटेनोलॉल आणि अॅम्लोडिपिन. एका डॉक्टरला दुसऱ्याचं सांगितलेलंच नव्हतं. आजी दोन्ही नेमानं घेत होती.

माझ्या हाताला घाम सुटला होता. मी स्वतः काही बंद केलं नाही, तूही कधी करू नकोस. दोन्ही पट्ट्या घेऊन वडिलांना डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी एक बंद केली. पुढच्या काही आठवड्यांत आजीच्या पायात तिची जुनी चप्पल बसायला लागली. ती गावभर सांगते की नातीनं वाचवलं. तसं काही नाही, नातीनं पट्टीची मागची बाजू वाचली, बस. पण त्यानंतर माझ्या डोक्यातलं नीट गेलं ते गेलंच.

बाकीचं थोडक्यात. बेडूक-उंदीर मारायला लागत नाहीत, फार्मॅकॉलॉजीचे बरेचसे प्रयोग आता कॉम्प्युटरवर होतात. फार्मॅकॉग्नॉसीत, म्हणजे वनस्पतींतल्या औषधांच्या विषयात, दालचिनी, लवंग, बडीशेप यांचे पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघायचे. मी घरी भिजवलेली बडीशेप बटाट्याच्या फोडीत खोचून ब्लेडनं काप काढायचा सराव केला. आईला वाटलं डोकं फिरलं. तो काप नीट जमला तर बडीशेपेतल्या तेलाच्या सहा नळ्या मोजता येतात. सहाव्या सेमिस्टरनंतर चार आठवडे कंपनी किंवा हॉस्पिटल. मी हॉस्पिटल घेतलं आणि तिथंच रमले. पहिला पगार 14,000, तोही खोलीभाडं देऊन पुरवताना नाकीनऊ आलेले. हे कॉलेजवाल्यांनी चहा पिताना सांगितलं नसेल.

---

तारापूरकर_क्यूए

ताईंनी छान लिहिलंय, पण जर्नल उतरवायच्या गोष्टीवर मी हसणार नाही. मी औषध कंपनीत क्वालिटी ॲश्युरन्समध्ये (क्यूए) नऊ वर्षं आहे. आमच्याकडं पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवतात, लिहिलं नाही म्हणजे झालंच नाही. आणि जे झालं नाही ते लिहिलं तर नोकरी गेली. नवीन मुलं येतात, चार वर्षं जुनी रीडिंग उतरवायची सवय घेऊन. वजनाच्या नोंदी आधी करायच्या आणि काटा मग बघायचा. एकाला माझ्यासमोर घरी पाठवलाय. गोळ्यांची फ्रायबिलिटी, म्हणजे आपटून किती झिजतात ते बघताना त्या ड्रमचे 100 फेरे व्हायला चार मिनिटं लागतात. त्यानं चार मिनिटांत तीन बॅचची नोंद केलेली. हुशार पोरगा होता.

म्हणून, बाळा, तुझं रीडिंग चुकलं तर चुकलेलं लिही. मार्क गेले तरी चालतील.

कंपनीत शिफ्ट असते, रात्रपाळीही. आमच्या प्लँटमध्ये मुली जास्त करून क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) आणि क्यूएमध्येच दिसतात, प्रॉडक्शनला कमी. पुढं शिकायचं मनात असेल तर जीपॅट, म्हणजे एम.फार्मच्या प्रवेशाची परीक्षा दे.

---

औसेकरीण

मान्य. मीही ते कौतुकानं नव्हतं लिहिलं, पण वाचताना तसं वाटतं खरं. आमच्याकडं रीडिंग चुकलं की परत करायला वेळ द्यायचे नाहीत, 'बरोबर' आकडा लिहून मोकळं व्हा म्हणायचे. त्यात पोरांइतकाच दोष शिकवणाऱ्यांचा.

---

तिसऱ्या_वर्षाची

मी डी.फार्म करून मग बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेय, तर त्या वाटेचं सांगते. घरची परिस्थिती अडचणीची असेल तर वाट वाईट नाही, दोन वर्षांत हातात काहीतरी असतं. डी.फार्मला 500 तासांचं ट्रेनिंग असतं, ते प्रामाणिकपणे केलं तर खूप शिकायला मिळतं. पण तिसऱ्या सेमिस्टरला येऊन बसलं की वर्गातल्या बाकीच्यांचं ऑरगॅनिक झालेलं असतं आणि आपण कोरे. वर कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटरचे राहिलेले विषयही काढावे लागतात. डिप्लोमावाल्यांसाठी नोंदणीआधीच्या एक्झिट परीक्षेचे नियम 2022 मध्ये आलेत, तेही फार्मसी कौन्सिलच्या साइटवर नीट वाचून घे. दोन वर्षांत मोकळी, असं काका म्हणतात तितकं सरळ नाही.

---

डाळिंबाचा_मळा

सगळ्यांचे खूप आभार. औसेकरीणताई, तुमचं मी आईला वाचून दाखवलं. आजीचं आलं तेव्हा ती उठून आमच्या आजीची पिशवी घेऊन आली. एकसारखं काही सापडलं नाही, पण एक पट्टी मागच्या वर्षीच संपलेल्या तारखेची निघाली.

अजून दोन प्रश्न. फी झेपेल का? आणि गोळ्यांची नावं पाठ करायची की नाही, हे राहिलंच.

---

औसेकरीण

फीचं आधी. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच पाहिजे. कॉलेजची माणसं घरी येऊन चहा पितात ती बहुतेक मॅनेजमेंटच्या जागा भरायला, तिथं सही करू नकोस. उत्पन्नाचा दाखला आणि बाकीचे दाखले आत्ताच काढायला टाक, जूनमध्ये तहसीलला जत्रा असते. हॉस्टेल आणि मेसचा खर्च धरून ठेव, खरा बोजा तोच.

आता नावं. दुकानातली ब्रँडची नावं कॉलेजात पाठ करत नाहीत. शिकायची ती आतल्या औषधाची मूळ नावं, आणि तीही सुटी सुटी नाहीत. आपल्याकडं सांगोलकर, अकलूजकर म्हटलं की गाव कळतं ना, तशी औषधांना शेपटी असते. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल हे 'लॉल'कर. टेल्मिसार्टन, लोसार्टन 'सार्टन'कर. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल हे पित्तावरचे. एकाच घराण्यातल्यांच्या खोडीही बऱ्याचशा सारख्या. अॅम्लोडिपिन, निफेडिपिन, फेलोडिपिन, पाय सुजवायची खोड या 'डिपिन' घराण्यात चालतच आलेली. आजीची पिशवी जवळच आहे तर आज संध्याकाळी प्रत्येक पट्टी उलटी करून शेपट्या लिहून काढ, आणि कुठल्या घराण्यातले किती निघाले ते इथं टाक.

आणि एप्रन दोन घे, सुती, पूर्ण बाह्यांचे. आयोडीनचे डाग सहजी निघत नाहीत.